पडलेल्या बोल्यांचाही हिशेब हवा



रेल्वेच्या भांडार आगारात ज्यांनी नोकरी काढली, त्यांना भंगाराचा लिलाव नवा नाही. लॉटच्या यादीत अंदाजे वजन असते, बोली लागते, आणि माल उचलताना काट्यावर खरे वजन कळते. २०२०-२१ या एका वर्षात रेल्वेला भंगारातून साडेचार हजार कोटी रुपयांहून अधिक मिळाले. एवढ्या मोठ्या विक्रीत बोली लावणारे सचोटीने वागले की आपसात ठरवून आले, हे नुसत्या नोंदींवरून ओळखता येते काय? बऱ्याच अंशी येते. त्याचा उत्तम दाखला मात्र अमेरिकेच्या सरकारी जंगलांतील लाकडाच्या लिलावात सापडतो. कामगारांच्या पत्रात अमेरिकन लाकूड कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने पुढचा हिशेब पाहावा.

अमेरिकेची वनसेवा उभी झाडे लिलावाने विकते. विक्रीपूर्वी तिचे कर्मचारी जंगलात फिरून कोणत्या जातीचे लाकूड किती निघेल, याचा अंदाज बांधतात. अनेक विक्रींत बोली जातवार दराने लागते. विजेता ठरतो तो सरकारी अंदाजावर, पण पैसे भरायचे ते प्रत्यक्ष तोडीच्या मापावर. मेख आहे ती इथेच.

समजा, सरकारी अंदाज डग्लस फर ५० माप आणि हेमलॉक ५० माप असा आहे. एका गिरणीवाल्याने आपला माणूस जंगलात पाठवला आणि त्याला कळले की फर ३०च आहे, हेमलॉक ७० आहे. तो फरला १६० आणि हेमलॉकला ४० दर लावतो. कागदावर त्याची बोली १०,००० ची. शेजारच्याने दोन्हींना सरळ ९८ दर लावला, त्याची बोली ९,८००. लिलाव पहिल्याने जिंकला. तोड झाल्यावर त्याने भरले किती? ३० गुणिले १६० आणि ७० गुणिले ४०, म्हणजे अवघे ७,६००. हरलेल्याने ९,८०० भरले असते! कायदा कुठेही मोडला नाही, आणि तिजोरीत २,२०० कमी आले.

हे आकडे आमचे, समजुतीपुरते. पण अशी तिरकी बोली खरोखर लागते, हे सुसान अ‍ॅथी आणि जोनाथन लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली वनसेवेच्या विक्रीनोंदींवरून दाखवले. जिथे अंदाज चुकला होता, तिथे बोल्या नेमक्या त्या चुकीच्या दिशेने झुकलेल्या होत्या. त्यांना आणखीही एक गोष्ट दिसली, आणि गिरणीवाल्यांना सरसकट चोर ठरवणाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावी. आतली माहिती अनेकांकडे असली की ते एकमेकांवर चढून एकूण बोली वाढवतात, आणि त्या माहितीचा बराचसा फायदा सरकारकडे परत येतो. चढाओढच नसली तर तो एकट्याच्या खिशात राहतो.

आणि चढाओढ नसते तेव्हा काय होते? तोंडी लिलावात भाव थांबतो तो दुसऱ्या क्रमांकाचा गडी थकला की. परिसरातले गिरणीवाले आधीच बसून ठरवून आले, तर हात वर करणारे पाच दिसले तरी स्पर्धक एकच असतो. बाल्डविन, मार्शल आणि रिचर्ड या तिघांनी १९९७ साली वायव्य अमेरिकेतील १९७० च्या दशकातले लिलाव तपासले. तिथले भाव संगनमत मानल्यावर जितके नीट उलगडतात, तितके निकोप स्पर्धा मानून उलगडत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

संगनमताची ही भीती तिथल्या संसदेलाही होती. १९७६ च्या कायद्याने तिने बंद पाकिटाची पद्धत घातली. लाकूडवाल्यांनी ओरड केली आणि १९७८ मध्ये कायदा सैल झाला. पुढे दोन्ही पद्धती चालू राहिल्या, त्यामुळे तुलना शक्य झाली. अ‍ॅथी, लेव्हिन आणि सेइरा यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले की बंद पाकीट असले की छोटे तोडकंत्राटदार अधिक संख्येने येतात आणि अधिक वेळा जिंकतात. उघड लिलावात बड्या गिरणीसमोर आपण टिकणार नाही हे त्यांना ठाऊक असते, मग ते येतीलच कशाला?

हे सारे कळले ते एकाच कारणाने. जंगलातला अंदाज, हरलेल्यांसकट सर्वांच्या बोल्या आणि शेवटचे माप, हे सगळे कोणीतरी लिहून ठेवले होते. लिहिणारे साधे कर्मचारी होते, आपल्यासारखेच. केवळ विजेत्याचे नाव आणि रक्कम ठेवली असती, तर वरीलपैकी एकही गोष्ट सिद्ध झाली नसती.

आपल्याकडे संगनमत नाही, असे मानू नये. गाड्यांतील पंख्यांच्या निविदांमध्ये तीन पुरवठादारांनी आपसात दर ठरवल्याचे स्पर्धा आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये निश्चित केले. त्यांतल्या एकाने कबुली दिली म्हणून त्याचा दंड ७५ टक्क्यांनी कमी झाला. भंगाराचा लिलाव आता संगणकावर होतो हे खरे, पण दोघांनी आदल्या रात्री फोनवर बोलणे कोणता संगणक थांबवणार?

महसूल घटला की पहिले बोट आगारातल्या कारकुनाकडे आणि काट्यावरच्या माणसाकडे वळते. त्याचा बचाव नोंदीतच आहे. म्हणून आमची मागणी अशी की प्रत्येक लॉटसाठी अंदाजे वजन, किमान किंमत, पडलेल्यांसह सर्व बोल्या आणि उचललेले वजन एकाच तक्त्यात ठेवावे, आणि विक्री पूर्ण होताच तो तक्ता खुला करावा. शाखांनी आपापल्या आगारापुरता हा तक्ता माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मागावा. मागील पाच वर्षांपासून सुरुवात करावी.