मधुमेहाचा स्वयंपाक वेगळा कशाला?



साखर कारखान्याच्या अंकात मधुमेहावर लेख म्हटल्यावर काहींना हसू येईल. पण ऊस पिकवणे हा आपला धंदा आहे. झालेली साखर आपणच खाऊन संपवावी, असा काही पोटनियम नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हे दुखणे आता शहरातल्या बैठ्या माणसांचेच राहिलेले नाही.

गेल्या वर्षी आमच्या सौ.ला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पथ्य सांगितले. चार दिवस घरात चर्चा झाली. पुढे काय? ती सगळ्यांचा नेहमीचा स्वयंपाक करायची. स्वतःपुरते वेगळे करायला वेळ कुठला? सगळ्यांची जेवणे उरकल्यावर दुपारी तीनला उरलेला भात-आमटी खाऊन उठायची. हेच दुखणे मला असते, तर माझे वेगळे ताट वेळेवर पुढे आले असते! लिहायला लाज वाटते, पण खरे आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मधुमेहाचा स्वयंपाक वेगळा करूच नये. रोग्याला जे चालते, तेच घरादाराने खावे. त्यात कुणाचे काही बिघडत नाही, उलट पोराबाळांचे भलेच होते.

आणि हे जेवण काही परके नाही. आपल्या खटावच्या कोरडवाहू रानातले जुनेच जेवण आहे. मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, मेथी, चाकवत, शेवग्याच्या शेंगा, बिनसाखरेचे ताक आणि भाकरी. मात्र भाकरीलाही माप हवे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, तेव्हा 'भाकरी आहे, कितीही खा' हे चालायचे नाही. निम्मे ताट पालेभाजी, फळभाजी नि काकडी-मुळ्याचे; पाव ताट उसळ-डाळीचे किंवा अंडी-मासळीचे; उरलेले पाव भाकरीचे. भात घेतला तर तेवढी भाकरी कमी. पीठ चाळून कोंडा टाकू नये. तेल बेताने घालावे. आणि गूळ चालतो हा भ्रम सोडावा. गुळातही मुख्यतः साखरच आहे. उपवासाचा साबुदाणा म्हणजे तर निव्वळ पिष्ट.

आता चहाचा हिशेब बघा. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे, म्हणजे ५० ग्रॅम साखर. महिन्याला दीड किलो! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली धडधाकट माणसालासुद्धा वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक बरे, असे सांगितले आहे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. रात्रीची लाईट आली, की आपण जेवण टाकून उसाला दारे धरायला पळतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहिले, तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी आणि मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. खिशात साखरेची पुडी ठेवावी; आपल्याच कारखान्याची साखर तिथे औषध आहे! गोळीचे प्रमाण नि उपवास डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

तिशी ओलांडलेल्यांची मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. संचालक मंडळाला विनंती, की सभासदांना सवलतीची साखर वाटताना शेजारीच तपासणीचे टेबल मांडावे, आणि वार्षिक सभेच्या चहात साखर वेगळी ठेवावी.

आमच्या घरी आता सगळ्यांचे ताट एकच आहे, आणि सौ. आमच्याबरोबरच पंगतीला बसते. खरे पथ्य तिथूनच सुरू झाले.

— एक सभासद, वडूज