मॉप टांगायचा कुठे?

नाहूरमध्ये लालबहादूर शास्त्री मार्गालगत जेथे कारखाने होते, तेथे आता निवासी मनोरे उभे आहेत. या घरांत कपडे धुण्याचे यंत्र आले, पाणी शुद्ध करणारे यंत्र आले. लादी पुसण्याचे काम मात्र अनेक ठिकाणी अजूनही बादली, फडके आणि उकिडवी बसलेली बाई यांच्यावरच चालते. न्हाणीघराच्या कोपऱ्यात मॉप असतो, पण तो भिंतीला टेकून ओलाच उभा असतो. ‘आमच्या मावशींना मॉप आवडतच नाही,’ असे सांगून घरोघरी विषय संपवला जातो. तो सवयीवर ढकलण्याआधी मॉपच्या रचनेकडे पाहायला हवे.

उकिडवे बसून सरकत जाताना गुडघा पूर्ण दुमडलेला असतो आणि त्याच अवस्थेत शरीराचा भार पेलतो. गुडघे टेकून काम केल्यास वाटीच्या पुढची पाण्याची पिशवी सुजते. या दुखण्याला वैद्यकात ‘हाउसमेड्स नी’ असेच नाव पडले आहे. फडके पिळताना मनगट जोराने वळते आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ताणले जातात. ‘टेनिस एल्बो’ होण्यासाठी टेनिस खेळावेच लागते असे नाही. ‘बसून पुसणे हा व्यायामच आहे’ हा युक्तिवाद स्वतःच्या घरात दिवसातून एकदा लादी पुसणाऱ्यापुरता ठीक. रोज चार-पाच घरे करणाऱ्या बाईसाठी ती झीज आहे.

तरीही ती फडकेच पसंत करते, कारण फडके पलंगाखाली जाते, कोपरा काढते आणि दोन मिनिटांत धुऊन दोरीवर वाळत पडते. वाईट मॉप यातले काहीच नीट करत नाही. डोके जाड असले तर ते कपाटाखाली शिरत नाही, दांडा आखूड असला तर कंबरेतून वाकावे लागते आणि पाणी नीट निथळले नाही तर लादीवर पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांवरून बोलणी बाईलाच खावी लागतात.

हा प्रश्न सुटण्याजोगा आहे, हे स्पेनमध्ये दिसले. मान्युएल हालोन या विमान अभियंत्याने १९५६ मध्ये लांब दांड्याचा मॉप आणि पाणी निथळण्याची सोय असलेली बादली अशी जोडी तेथे बाजारात आणली. तोवर तेथील बायका गुडघ्यांवर बसून फरशी घासत असत. ‘फ्रेगोना’ नावाची ही जोडी पुढे स्पेनमध्ये घरोघरी पोहोचली. हाच अभियंता पुढे एकदा वापरून टाकण्याच्या इंजेक्शन सिरिंजच्या निर्मितीतही उतरला. सिरिंजइतकाच विचार मॉपलाही लागतो.

आपल्याकडे हा विचार मोजमापापासून सुरू व्हावा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आहे. ताठ उभे राहून पुसायचे तर दांड्याचे टोक खांदा आणि हनुवटी यांच्या दरम्यान यावे, म्हणजे मॉपची एकूण लांबी १३० सेंटीमीटरच्या आसपास हवी. दांडा मुठीत सहज मावेल इतकाच जाड आणि ओल्या हातातून न निसटणारा असावा. डोके चपटे आणि सर्व बाजूंना वळणारे असावे. बादलीच्या तळाशी बूच हवे. नाहीतर पाच-सहा लिटर गढूळ पाण्याची बादली रोज उचलून ओतावी लागते आणि गुडघ्याची वाचलेली झीज कंबरेवर येते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते टांगण्याकडे. बहुतेक मॉपना दांड्याच्या अगदी टोकाला बारीकसे छिद्र असते. १३० सेंटीमीटरचा मॉप जमिनीपासून वीतभर वर लटकवायचा, तर खिळा जवळपास १५० सेंटीमीटरवर येतो, म्हणजे वापरणारीच्या नजरेच्याही वर. पाण्याने जड झालेला मॉप एका हाताने उचलून ते छिद्र खिळ्यावर बसवण्याची कसरत कोण करणार? तो कोपऱ्यातच राहतो. ओल आणि ऊब मिळाली की काही जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीला चिकटलेला मॉप दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही आणि स्वच्छतेचे साधन कालची घाण आज घरभर पसरवते. उपाय अगदी साधा आहे. टोकाच्या छिद्राऐवजी दांड्यावर, टोकापासून वीत-दीड वीत खाली, मिटणारा आकडा द्यावा. मग भिंतीवरची खुंटी छातीच्या उंचीवर येते, डोके मोकळे लटकते आणि सर्व बाजूंनी वारा लागतो.

असे मॉप घडत नाहीत, कारण मॉप विकत घेणारे हात एक आणि वापरणारे हात दुसरे असतात. ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम’ २००८ सालचा आहे. त्याचा भर नोंदणी आणि आर्थिक साहाय्यावर आहे, आणि ते आवश्यकच आहे. पण हातातले अवजार हाही आरोग्याचाच भाग आहे. पवईच्या आयआयटीत औद्योगिक रचनेचे शिक्षण देणारे केंद्र १९६९ पासून आहे आणि भांडुप-मुलुंडच्या वस्त्यांतून कामाला निघणाऱ्या बायका तेथून फार दूर नाहीत. नव्या मॉपचा नमुना दुकानात जाण्याआधी आठवडाभर त्यांच्या हाती द्यायला हवा.

तोवर घराघरांत दोन गोष्टी तरी करता येतील. पुढचा मॉप घेताना ‘तुम्हाला कोणता बरा पडेल?’ असे मावशींना विचारावे, आणि ड्राय बाल्कनीत त्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर एक खुंटी ठोकावी.