माल अव्वल होता, पत गेली होती

माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येते, असे आपल्या बाजारात नेहमी बोलले जाते. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी समजून घ्यायची असेल, तर जपानच्या सेगा कंपनीच्या 'ड्रीमकास्ट' या व्हिडिओ गेम यंत्राचा जमाखर्च तपासावा.

हे यंत्र नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात व ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. अमेरिकेत किंमत होती १९९ डॉलर. पहिल्या चोवीस तासांतच तेथे दोन लाखांहून अधिक नग खपले. टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या माणसाशी खेळता यावे म्हणून मोडेम यंत्राबरोबरच दिलेला होता. त्या काळात ही मोठी झेप होती. तरीही ३१ जानेवारी २००१ रोजी कंपनीने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. जगभरचा एकूण खप ९१ लाखांच्या आसपास राहिला. सोनीचे 'प्लेस्टेशन २' पुढे पंधरा कोटींवर गेले.

मग या यंत्राची कदर झाली नाही, असे म्हणावे काय? माल म्हणून पाहिले तर जरूर म्हणावे. काही जाणकार सांगतात की, सोनीच्या यंत्रावर डीव्हीडी सिनेमाही पाहता येत असे, त्यामुळे जास्त पैसे मोजूनही लोकांनी तेच घेतले. यात तथ्य आहे. पण ते यंत्र अमेरिकेत ऑक्टोबर २००० मध्ये आले. त्याआधी वर्षभर मैदान बऱ्याच अंशी मोकळे असताना अनेक गिऱ्हाईक हातात पैसा धरून थांबले, ते का?

याचे उत्तर जुन्या खात्यात आहे. १९९४ च्या अखेरीस सेगाने आपल्या आधीच्या यंत्राला जोडण्याचे '३२एक्स' हे उपकरण विकले आणि दीड वर्षाच्या आत ते वाऱ्यावर सोडले. मे १९९५ मध्ये 'सॅटर्न' हे यंत्र जाहीर तारखेच्या चार महिने आधीच, मोजक्या चार दुकान-साखळ्यांना देऊन अचानक विक्रीस काढले. बाकीचे दुकानदार दुखावले, खेळ बनवणाऱ्या कंपन्याही तयार नव्हत्या. ज्याचे हात एकदा पोळले, तो दुसऱ्या वेळी फुंकर मारूनच पितो. ड्रीमकास्टने आपल्या दोषाची नव्हे, थोरल्या भावंडांच्या दोषाची किंमत मोजली.

एक गोष्ट मात्र आदराने नोंदवावी लागेल. सेगाचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी मार्च २००१ मधील मृत्यूपूर्वी कंपनीकडील आपले कर्ज माफ केले आणि सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे शेअर तिला देऊन टाकले. त्या आधारावर पेढी तगली. पुढे ती इतरांच्या यंत्रांसाठी खेळ बनवू लागली.

आपले कारागीर व व्यापारी बांधव यातून काय घेतील? हुनर आपल्याकडे कमी नाही. पण दिलेली तारीख चुकली, जुन्या गिऱ्हाइकाच्या मालाची दुरुस्ती टाळली, एका दुकानदाराला चोरून आधी माल दिला, तर पुढचा अव्वल मालही गोदामात पडून राहतो. माप पुरे भरण्याइतकाच वायदा पाळण्याचाही आपल्या दीनात हुकूम आहे. माल वर्षभरात सुधारता येतो, गेलेली पत सुधारायला मात्र उमर लागते.