दर्शकाला विशेषणांच्या रांगेत बसवू नका

हंगेरियनची ओळख करून देताना आपण वर्गात एक वाक्य सवयीने टाकतो: विभक्तीचा प्रत्यय नामाला लागतो, विशेषण जसेच्या तसे राहते. 'मोठ्या घरात' म्हणजे 'नॉज्य हाझबॉन'. 'बॉन' हा 'आत'चा प्रत्यय फक्त घराला. मग 'ह्या घरात' येते आणि फळ्यावर लिहावे लागते 'एब्बेन ऑ हाझबॉन'. प्रत्यय दोनदा, मध्ये उपपद. 'अपवाद' म्हणून आपण पुढे सरकतो. हा आळस आहे.

'एझ' (हे) आणि 'ऑझ' (ते) यांना विशेषण मानल्यामुळेच अपवादाची गरज पडते. ही सर्वनामे आहेत, नामाशेजारी स्वतःच्या विभक्तीनिशी उभी: 'ह्यात, घरात'. शब्दयोगी अव्ययही असेच दोनदा येते. 'ह्या घराखाली' म्हणजे 'एझ ऑलॉत्त ऑ हाझ ऑलॉत्त'.

याचे मूळ इतिहासात आहे. बाराव्या शतकाच्या अखेरचे 'हॉलोत्ती बेसेद' हे अंत्यविधीचे प्रवचन म्हणजे हंगेरियनमधला उपलब्ध असलेला सर्वांत जुना सलग मजकूर. त्यात दर्शक नामाआधी प्रत्ययाविना येते. पुढे तेच 'ऑझ' झिजून निश्चित उपपद झाले, आणि बोट दाखवण्याचे काम करायला त्याच्याही पुढे नवे दर्शक आले, प्रत्ययासकट. जुनी रचना ग्रांथिक भाषेत अजून टिकून आहे: 'ए हाझबॉन'. इथे उपपद नाही, आणि दुहेरी प्रत्ययही नाही. एवढा बोलका पुरावा व्याकरणात क्वचित मिळतो.

आपली अडचण घरचीच आहे. शालेय मराठी व्याकरणातले 'सार्वनामिक विशेषण' हे नाव मराठीला शोभते, कारण 'मोठे'चे 'मोठ्या' आणि 'हे'चे 'ह्या' दोन्ही सामान्यरूपापाशी थांबतात. तो साचा हंगेरियनवर बसवला की गोंधळ ठरलेला.

तेव्हा 'एझ'-'ऑझ' सर्वनामांच्या पाठात शिकवावेत. संधीही तिथेच उरकेल: 'एझ' अधिक 'बेन' म्हणजे 'एब्बेन', 'ऑझ' अधिक 'रॉ' म्हणजे 'ऑर्रॉ', अनेकवचनी 'एझेक'मध्ये मात्र 'झ' शाबूत.

विशेषणांच्या पाठासाठी 'इयेन' (असा) ठेवावा. 'अशा घरात' म्हणजे 'इयेन हाझबॉन', प्रत्यय एकदाच. 'नॉज्य'सारखाच तो अविकारी राहतो. 'हा' आणि 'असा' एकाच चौकटीत छापणारे आपले तक्ते हंगेरियनसाठी तोडून दोन करावे लागतील.