बळापेक्षा वळण महत्त्वाचे

चाळिशी उलटली की माणसाने नवे काही शिकू नये, शिकलेले टिकवले तरी पुरे, अशी समजूत आपल्या मध्यमवर्गात दृढ आहे. पोहण्याच्या बाबतीत तर ती विशेषच आढळते. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत जे हातपाय मारले, तीच आयुष्यभराची शिदोरी. पुढे कुणाला वेग वाढवावासा वाटलाच, तर तो अधिक जोर लावतो, लवकर दमतो आणि दोष वयाला देतो.

वस्तुतः दोष वयाचा कमी आणि हिशेबाचा अधिक असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. पोहणाऱ्याला होणारा त्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या, आणि त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दहा टक्के वाढवायचा, तर शक्ती सुमारे तेहेतीस टक्के अधिक लागते. घटत्या फलाचा नियम याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल. प्रौढाजवळ शक्तीचे भांडवल मर्यादित असते. तेव्हा उत्पादन वाढविण्याआधी त्याने गळती थांबवावी, हेच शहाणपणाचे.

ही गळती कुठे होते? श्वासासाठी मान वर उचलली की कंबर व पाय खाली जातात आणि शरीर पाण्यात आडवे न राहता तिरपे होते. नजर तळाकडे ठेवावी, श्वास पाण्यात सोडावा आणि तो घेताना मान न उचलता अंगासह कुशीवर वळावे. हात पाण्यात शिरल्यावर कोपर उंच राखून तळवा व अग्रबाहू यांनी पाणी मागे रेटावे. पाय गुडघ्यातून न झाडता कमरेतून हलवावेत. पंचवीस मीटर अंतराला हाताचे किती फटके लागतात, ते मोजावे. त्याच वेळात फटके कमी झाले, तर वळण सुधारत आहे असे समजावे. सलग अर्धा तास थकत पोहण्यापेक्षा, मध्ये विसावा घेत पंचवीस मीटरच्या आठ-दहा नेटक्या खेपा अधिक फलदायी ठरतात. कारण थकलेले शरीर चुकाच गिरवते.

उदाहरणे हवीत, तर ती आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाल्यावर ते जलतरणाकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पोहण्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिणारे अमेरिकन प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन १९७९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले. असामान्यांची गोष्ट वेगळी, असे कुणी म्हणेल. परंतु सामान्यांना पदक नको आहे. न धापता दोन खेपा अधिक मारता आल्या तरी त्यांचे समाधान होईल.

मात्र हे सारे पुस्तक वाचून साधत नाही. पाण्यात स्वतःचे पाय बुडताना स्वतःला दिसत नाहीत. ते पाहणारा जाणता डोळा काठावर लागतो. आपल्या सार्वजनिक तलावांवर प्रशिक्षक असतात. पण त्यांचा वेळ बहुधा मुलांच्या शिबिरांत आणि नवशिक्यांत जातो. ज्याला तरंगता येते, त्याचे शिक्षण संपले, असे गृहीत धरले जाते. आठवड्यातून एक तास प्रौढांच्या सुधारणेसाठी राखून ठेवला, तर नगरपालिकांना कितीसा भुर्दंड पडेल? तलाव बांधलेला आहे, पाणी शुद्ध होतच आहे. वाढीव खर्च काय तो प्रशिक्षकाच्या एका तासाचा. त्या बदल्यात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाला आणि फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला आयुष्यभर पुरेल असा व्यायाम मिळेल. इतक्या अल्प खर्चात एवढा लाभ देणारी योजना नाकारण्याचे कारण नगरपालिकांनीच सांगावे.