‘कदाचित्’ म्हणजे आक्षेप नव्हे

‘जें उद्यां मागें घ्यावें लागेल, तें आज सिद्ध झालेंच कसें?’ असा प्रश्न हल्लीं पुष्कळ सुशिक्षित लोक मोठ्या ऐटीनें विचारतात. भूमितीचा सिद्धान्त नव्या माहितीनें ढळत नाहीं. तसें अढळ नसेल तें अनुमानच नव्हे, असा त्यांचा आग्रह असतो. पण हा आग्रह तर्कशास्त्राच्या एका दालनालाच सगळा वाडा समजतो.

एक उदाहरण घेऊं. एखादा मनुष्य घरांतून नाहींसा झाला. तो जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर सहज लागली असती, त्यांना सात वर्षें कांहींच वार्ता नाहीं. अशा वेळीं तो जिवंत असल्याचें सिद्ध करण्याचा भार १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें तसें म्हणणाऱ्यावर टाकला, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही तोच नियम ठेवला. सात वर्षांच्या मौनांतून मृत्यु भूमितीसारखा निष्पन्न होतो काय? मुळींच नाहीं. पण अढळपणाचाच हट्ट धरला, तर त्या मनुष्याच्या पत्नीनें वारशासाठीं किती जन्म वाट पाहावी? उलट, तोच उद्यां दारांत येऊन उभा राहिला, तर कागदोपत्रीं मेला म्हणून त्याला परत लोटावयाचें काय? बाधक मिळेपर्यंत निर्णय मानावा आणि मिळतांच सोडावा, हाच येथें शहाणपणाचा मार्ग.

‘मग निर्णय सोयीप्रमाणें फिरवावे काय?’ असें कोणी म्हणेल. नाहीं, आक्षेपालाही कारण लागतें. साध्याचा अभाव दुसऱ्या प्रमाणानें निश्चित झाला तर हेतु बाधित, असें अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह सांगतो. गौतमाच्या न्यायसूत्रांतील बावीस निग्रहस्थानांत ‘निरनुयोज्यानुयोग’ हेंही एक आहे: दोष नसतां दोष लावणारा स्वतःच हरतो.

अर्वाचीनांनींही हीच वाट धरली. रेमंड रायटर यांनीं १९८० सालीं अपवाद न आढळल्यास लागू पडणाऱ्या नियमांचें तर्कशास्त्र मांडलें. फान मिन्ह डुंग यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, आक्षेपावरच प्रत्याक्षेप झाला तर मूळ युक्तिवाद पुन्हां उभा राहतो. मराठी माणसाला हें इतिहासांतूनच कळावें. सदाशिवरावभाऊ १७६१ सालीं पानिपतावर पडले, असें मानलें गेलें. ‘मीच भाऊ’ म्हणणारा पुढें आला, तेव्हां त्या निर्णयास आक्षेप मिळाला. तो तोतया ठरून १७७६ सालीं देहान्त शिक्षा पावला, तेव्हां पहिला निर्णय पूर्ववत् झाला.

तेव्हां सकारण मत बदलणाऱ्यास चंचल म्हणणें अन्यायाचें आहे. आणि नुसतें ‘कदाचित्’ म्हणून दुसऱ्याचा सकारण निर्णय अडवून धरणाऱ्यास आमचें एवढेंच सांगणें: बाधक दाखवा, नाहीं तर त्या पत्नीची वाट सोडा.