वरून दिसलं नाही, म्हणून आम्ही कसलंच नाही?



वनहक्काचा दावा नाकारताना एक शेरा मारला जातो : "उपग्रहाच्या चित्रात लागवड दिसून येत नाही." शेरा ऐकला की म्हातारी माणसं गप्प होतात. आभाळातून बघणाऱ्या यंत्रापुढं आपण काय बोलायचं? तर आज त्या यंत्राबद्दलच बोलू. ते खोटं बोलत नाही. पण ते शेत बघत नाही, शेतावरून परत गेलेला उजेड मोजतं. आणि सूर्य कुठं, बघणारा कुठं, यावर तो उजेड बदलतो.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सूर्य पाठीशी घेऊन समोरचं रान बघा, पानं लख्ख दिसतात. तेच रान सूर्याकडं तोंड करून बघा, काळंकुट्ट. रान तेच असतं.

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनचं मोठं जंगल आहे. उपग्रहाच्या आकड्यांवरून काही शास्त्रज्ञ म्हणाले, कोरड्या महिन्यांत ते जास्त हिरवं होतं. 2014 साली डग्लस मॉर्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'नेचर' मासिकात उलट दाखवलं. जून ते ऑक्टोबर सूर्य सरकत उपग्रहाच्या पाठीशी येतो, झाडांच्या सावल्या त्याच्या नजरेतून लपतात आणि जंगल हिरवं झाल्यासारखं वाटतं. यावर शास्त्रज्ञांत पुढंही वाद झाला. म्हणजे शिकलेली माणसं जंगलाच्या रंगावरून भांडतात, आणि इथं मात्र एका चित्रावर आपल्या पिढ्यांचा निकाल!

आता आपल्याकडं या. कायद्याची तारीख 13 डिसेंबर 2005. त्याआधीचा ताबा दाखवायचा. पावसाळ्यात नाचणी-वरई उभी असते तेव्हा वर ढग, उपग्रहाला काही दिसत नाही. ढग हटेपर्यंत कापणी उरकते, उतारावर वाळलेलं गवत उरतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कललेला. उपग्रह जातो सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्या वेळी झाडाची सावली झाडापेक्षा थोडी लांबच पडते. मे महिन्यात त्याच वेळेला ती झाडाच्या निम्मीही नसते. शिवाय पश्चिमेला, कोकणाकडं तोंड असलेल्या उतारांवर तेव्हा ऊन नीट पोचलेलंही नसतं.

चित्राचा ठिपका केवढा? त्या काळच्या आपल्या देशाच्या उपग्रहातल्या एका नेहमीच्या कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. अमेरिकेच्या लँडसॅटचा तीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. दहा गुंठ्यांचं शेत म्हणजे एक-दोन ठिपके. त्यात बांधावर आपण राखलेला हिरडा, त्याची लांब सावली. ठिपका लगेच 'जंगल' होतो. झाड तोडलं असतं तर शेत दिसलं असतं! झाड राखलं म्हणून जमीन जाणार, हा कुठला न्याय?

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. गावाच्या बाजूनं चित्र निघालं तर आम्हीही ते जोडू. पण कायद्यानं त्याला जागा ठरवून दिलीय. 2012 च्या सुधारित नियमांत साफ लिहिलंय की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या बदल्यात नाही. 2013 साली गुजरात उच्च न्यायालयानंही चित्रावर भिस्त ठेवून नाकारलेले दावे पुन्हा तपासायला लावले.

म्हणून गावानं आता हे करायचं :

चित्र दाखवून दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. चित्र कुठल्या तारखेचं, किती वाजताचं, ठिपका केवढा, सूर्य कुठं होता, हेही लेखी विचारा.

वनहक्क समितीनं जागेवर जावं. वनखात्याला आधी कळवावं. बांध, ताली, सपाट केलेलं खाचर, जुनं घर यांचा पंचनामा करावा. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घ्यावा. हे सगळं कायद्यानं मानलेले पुरावे आहेत.

निकालापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडं अर्ज करा. मुदत चुकवू नका.

सूर्य रोज जागा बदलतो. आज्यानं घातलेला बांध जागचा हललेला नाही. साहेबांनी आभाळातून खाली उतरावं आणि बांधावर येऊन बघावं.

जंगल-जमीन कुणाची? राखणाऱ्याची, कसणाऱ्याची!